निंदण, डवरा आणि रताळ्याचा वेल

शेतात पेरलेले राखायचे आणि न पेरता उगवलेले काढून टाकायचे, या कामाला वऱ्हाडात निंदण किंवा निंदणी म्हणतात. हेच काम पुणे-नगरकडे खुरपणी होते, कोल्हापूर-बेळगावकडे भांगलण आणि कोकणात बेणणी. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्यात निंदणाला जोड असते डवरणीची. दोन ओळींमधले तण बैलांच्या डवऱ्याने कापायचे आणि खुद्द ओळीतले, झाडाच्या बुंध्याशी चिकटलेले तण हाताने काढायचे, अशी ही वाटणी. डवरा पुरुषाच्या हाती, खुरपे बाईच्या हाती. कापूस, ज्वारी, तूर यांसारख्या पेरणीच्या पिकांत ही वाटणी अनेक पिढ्या चालली. रताळ्यासारख्या वेलाच्या पिकात मात्र तिला पहिल्यापासूनच मर्यादा होती. या भागातल्या तणाचा इतिहास समजून घ्यायचा तर दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

आधी जमीन. तालुक्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर आहेत. सोनाळा, टुनकी ही गावे या डोंगरांच्या पायथ्याला आहेत. तिथली जमीन काही ठिकाणी हलकी, बरड, काही ठिकाणी नाल्यांनी आणलेल्या गाळाची. विहिरींना गोडे पाणी. दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या दिशेने उतरत गेले की माती काळी, खोल आणि चिकण होत जाते आणि खारपाणपट्टा सुरू होतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टरवर पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे आणि मातीतून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. तणाच्या दृष्टीने याचा परिणाम थेट आहे. पावसाची झड लागली की शेताला दिवसेंदिवस वाफसा येत नाही. बैल घातले तर खूर रुततात, माणूस गेला तर पायाला किलो-किलो चिखल चिकटतो. त्या आठ-दहा दिवसांत पिकाची मुळे गुदमरून पीक पिवळे पडते आणि तण मात्र मांडीला लागते. पाऊस उघडल्यावर गावातल्या प्रत्येक शेताला एकाच वेळी निंदणाची घाई होते. मजुरीचे दर, मजुरांची ओढाताण आणि उशिरा निंदल्यामुळे आलेली तूट यांचे मूळ बहुधा याच आठ-दहा दिवसांत सापडते.

तणांचेही दोन गोत आहेत. काही दरवर्षी बियांवर उगवतात: केना, दुधी, कुंजर, घोळ, तरोटा, गोखरू, माठ. ही उपटली की गेली, पण बी पडण्याआधी उपटावी लागतात. दुसरे गोत मुळावर जगणारे. कुंदा, हराळी आणि लव्हाळा हे त्यातले तीन मुख्य. लव्हाळ्याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात. वरचे पाते कितीदाही कापले तरी गाठीतून नवा कोंब येतो. हराळी आडवी धावते आणि प्रत्येक पेराला मूळ धरते. कुंदा हे काळ्या, भारी जमिनीचे खास गवत. त्याची मुळे कित्येक फूट खोल जातात, त्यामुळे खुरप्याला ते दाद देत नाही आणि डवऱ्याचा फास त्याच्या वरूनच सरकून जातो.

वऱ्हाडातल्या नांगराचा इतिहास या कुंद्याशी जोडलेला आहे. उन्हाळ्यात काळी माती आपोआप खोल भेगाळते, वरची माती भेगांत पडते आणि जमीन स्वतःच उलथीपालथी होते. म्हणून या मुलखातला शेतकरी दरवर्षी नांगरट करीत नसे. तो वखर चालवी. आडव्या लोखंडी फासाने वरचा थर खरवडून तण कापणे आणि ढेकळे फोडणे एवढेच वखराचे काम, आणि पेरणीसाठी ते पुरेसे होते. जड लाकडी नांगर चार-चार, कधी त्याहून जास्त बैल जुंपून बाहेर निघे तो मुख्यतः शेत कुंद्याने भरले म्हणजे, काही वर्षांतून एकदा. जिथे नांगरही पोचत नसे तिथे उन्हाळ्यात कुदळीने खणून कुंद्याचे गड्डे काढीत आणि मुळे वैशाखाच्या उन्हात वाळवीत. एका एकराचा कुंदा खणणे म्हणजे घरादाराला महिनाभराचे काम होई. बाहेरच्या माणसांना वऱ्हाडी शेतकऱ्याची ही नांगरट न करण्याची रीत आळशीपणाची वाटली, पण ती मातीच्या स्वभावाला धरून होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांत होती. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी फाळ महाराष्ट्रभर पोचला. खोल मुळांच्या गवताखाली जाऊन माती पलटवणारे अवजार शेतकऱ्याला मिळाले ते तेव्हापासून.

तणाच्या कामाला बाजाराचा वेग आला तो कापसामुळे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला आणि खामगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. आजचे संग्रामपूर तेव्हा जळगाव तालुक्यात होते. हा तालुका अकोला जिल्ह्यात होता आणि १९०५ च्या पुनर्रचनेत खामगावबरोबर बुलढाणा जिल्ह्याकडे आला. सातपुड्याच्या पायथ्याचा कापूस बैलगाड्यांनी याच पेठेत जाई. कापूस सुरुवातीला फार सावकाश वाढतो. पहिले दीड-दोन महिने त्याची सावली जमिनीवर पडत नाही आणि भर पावसाळ्याचे तेच दिवस तणाला सोन्याचे असतात. ज्वारी एकदा उंच झाली की खालचे तण दाबून टाकते. कापूस तसे करीत नाही. म्हणून कापसाचा पेरा वाढला तसे निंदणाचे दिवसही वाढले. गाठींचा हिशेब पेठेत लिहिला गेला, निंदणाच्या रोजांचा हिशेब मात्र क्वचितच कुणी लिहून ठेवला.

डवऱ्याची रचना साधी आणि विचारपूर्वक केलेली आहे. वीत-सव्वा वीत रुंदीचा लोखंडी फास, तो धरणारे दोन लाकडी दात, वर आडवे खोड, मागे उभे रुमणे आणि पुढे जूपर्यंत जाणारी दांडी. एका बैलजोडीमागे दोन डवरे बांधतात, दोन माणसे ते धरतात आणि एका फेरीत दोन ओळींमधली जागा साफ होते. बैलांच्या तोंडाला दोरीची मुसकी असतात, नाहीतर चालता चालता ते पीक ओरबाडतात. फास जमिनीखाली दोन बोटे जातो. तेवढ्यात तणाची मुळे तुटतात, वरची खपली फुटते, भेगा बुजतात आणि ओल आत राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, ही शेतकऱ्यांमधली म्हण याच अनुभवाची आहे. शेवटच्या डवरणीला दातांना दोर गुंडाळतात. त्यामुळे माती दोन्ही बाजूंना सरकून पिकाच्या बुंध्याला भर लागते आणि मधे उथळ सरी पडते. जादा पाणी त्या सरीतून वाहून जाते, पाऊस ओढला तर तिच्यातच मुरते. डवरा धरणाऱ्याचे कसब हातांपेक्षा डोळ्यांत असते. बैल वीतभर सरकला की डवऱ्याखाली तण न येता पीक येते, आणि कापलेले पीक पुन्हा लावता येत नाही.

डवऱ्याच्या मागे निंदणाऱ्या बायका येतात. सकाळचे दहिवर सुकले की त्या ओळीने बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पात. उजव्या हातातले खुरपे तणाच्या मुळाशी तिरपे घालायचे, डाव्या हाताने ते ओढायचे, खुरप्याच्या पाठीवर मुळे झटकून माती पाडायची आणि मुळे वर करून मागे टाकायचे. एवढे एका श्वासात होते. दिवसभर उकिडवे बसून सरकत राहायचे असते. कोणते तण कुठे टाकायचे हेही ठरलेले. दुधी, कुंजर तिथेच टाकले तरी वाळून जातात. केना मात्र ओल्या जमिनीवर पडला की पेरापेराला पुन्हा मुळे धरतो, म्हणून तो गोळा करून धुऱ्यावर नेऊन टाकावा लागतो. ज्वारीच्या ओळीतले कोवळे गवत आणि ज्वारीचे रोप यांतला फरक नवख्याला दिसत नाही. निंदणारी बाई पानाच्या शिरेवरून आणि बुंध्याच्या रंगावरून तो ओळखते. तिची ही विद्या कोणत्याही पुस्तकात पुरती उतरलेली नाही. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे निरीक्षण तिच्यात आहे.

तण म्हणजे फक्त फेकून द्यायची वस्तूही नव्हती. तरोट्याचे कोवळे शेंडे, घोळ, केना, माठ, कुंजर हे पदरात बांधून घरी जाई आणि संध्याकाळी त्याची भाजी होई. हराळीचा भारा म्हशीला, कुंदा कोवळा असेपर्यंत बैलांना. पावसाळ्यात, घरातले धान्य संपत आलेले असताना, शेतातले हे तण अनेक घरांचे अन्न होते. मजुरी पूर्वी बरीचशी ज्वारीच्या मापाने मिळे, पुढे रोजाने रोख आणि घाईच्या दिवसांत उक्त्याने किंवा गुत्त्याने. सातपुड्यातल्या कोरकू, भिलाला, निहाल वस्त्यांमधून निंदणाच्या दिवसांत मजूर सपाटीवर उतरत. पुरुष आणि बाई यांच्या रोजात मोठा फरक असे. समान वेतनाचा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये झाला, महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर होऊन १९७९ पासून अमलात आला. तरी खाजगी शेतावरच्या निंदणाचा रोज डवऱ्याच्या रोजापेक्षा कमीच राहिला. शेतातले सर्वांत बारीक आणि सर्वांत वेळखाऊ काम सर्वांत स्वस्त धरले गेले, हा या इतिहासातला अन्याय आहे.

रताळ्याची गोष्ट वेगळ्या वाटेने येते. हे पीक मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांबरोबर ते सोळाव्या-सतराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावर उतरले. रताळ्याचे तिकडचे नाव ‘बटाटा’. मराठीत ते नाव पुढे दुसऱ्याच कंदाला चिकटले. रताळ्याला मात्र ‘रक्तालु’ या तांबड्या कंदाच्या जुन्या संस्कृत नावावरून आलेला शब्द मिळाला. परदेशी असूनही ते उपवासाच्या ताटात बसले, आणि त्यामुळे त्याचा हंगाम पंचांगाला बांधला गेला. आषाढी एकादशीला काढायचे तर उन्हाळ्यात पाण्यावर लावायचे, महाशिवरात्रीला हवे तर पावसाळा सरताना. संग्रामपूर हे काही रताळ्याचे आगर नाही. मराठी मुलखात त्याचा मोठा पट्टा बेळगाव, खानापूर, चंदगडच्या तांबड्या जमिनीत आहे. काळ्या चिकण मातीत कंद वेडेवाकडे होतात, आणि खारे पाणी त्याला मानवत नाही. त्यामुळे या भागात रताळ्याला योग्य जागा म्हणजे पायथ्याच्या गावांची हलकी जमीन, नदी-नाल्याकाठचा पोयटा आणि गोड्या पाण्याच्या विहिरीखालचे तुकडे.

रताळे बियांवर लावत नाहीत. वेलाच्या शेंड्याकडचे वीतभर लांबीचे, चार-सहा डोळ्यांचे तुकडे सरीच्या वरंब्यात तिरपे खोचतात, दोन-तीन डोळे मातीखाली जातील असे. दोन वरंब्यांत ६० सेंटिमीटर आणि दोन तुकड्यांत २० सेंटिमीटर अंतर धरले तर हेक्टरी सुमारे ८३ हजार तुकडे लागतात. पहिले तीन आठवडे वेल जणू हलत नाही. तो खाली मूळ धरत असतो. तेवढ्यात वरंब्यावर तण उठते. म्हणून पंधरा-वीस दिवसांनी पहिले निंदण आणि महिना-सव्वा महिन्याने दुसरे, त्याच वेळी वरंब्याला मातीची भर. ही दोन निंदणे वेळेवर झाली की पुढचे काम वेल स्वतः करतो. साधारण दीड-दोन महिन्यांत त्याची पाने सरी-वरंबा झाकून टाकतात आणि खाली ऊन पोचत नाही. उगवलेले तण पिवळे पडून मरते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात झालेल्या अभ्यासांत असेही दिसले की काही जातींच्या रताळ्याच्या अंगातली द्रव्ये लव्हाळ्याच्या जातीच्या तणाची वाढ रोखतात. वेल चढला की तण दबते, हा मळेकऱ्यांचा अनुभव सावलीपुरता नव्हता.

पहिले दीड महिने चुकले तर मात्र ते भरून निघत नाहीत. लव्हाळ्याचे आणि हराळीचे टोकदार कोंब जमिनीखाली वाढणाऱ्या कंदाला भोकसतात आणि असे रताळे बाजारात चालत नाही. उशिरा खुरपे घालावे तर कोवळ्या कंदाला जखम होते आणि जखमेतून कूज शिरते. आणखी एक अडचण आहे ती गोताची. रताळे ज्या कुळातले, त्याच कुळातली हरणखुरी ही चिवट वेलीची तणजात. तिच्या वेली रताळ्याच्या वेलांत गुंतल्या की कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे हे पान उलटून पाहावे लागते. नाल्याकाठी माजलेली बेशरम तर रताळ्याचीच सख्खी चुलत बहीण. रताळ्याचा मोठा वैरी असलेला सोंड्या भुंगा याच गोतातल्या रानवेलींवरही जगतो, म्हणून तुकड्याच्या आसपासच्या अशा वेली काढणे हे निंदण आणि कीडबंदोबस्त दोन्ही असते. हा भुंगा जमिनीत खोदत जात नाही. तो भेगांतून कंदापर्यंत पोचतो. भेगाळणाऱ्या मातीत मातीची भर म्हणूनच दुहेरी कामाची: तण गाडले जाते आणि भुंग्याची वाट बुजते. अधूनमधून वेल उचलून पुन्हा जागेवर ठेवण्याची रीतही जुनी आहे. नाहीतर पेरापेराला मुळे धरून वेल आपली ताकद बारीक कंदांत वाटून टाकतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तणांची यादीच बदलली. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजरगवत पुढच्या काही दशकांत विदर्भातले धुरे, गावठाणे आणि पडीक शेते व्यापून बसले. ते उपटणाऱ्या बायकांच्या हातांना खाज, चट्टे येऊ लागले. पूर्वीच्या कोणत्या तणाने निंदणाऱ्या हाताला एवढी इजा केली नव्हती. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतला भुंगेरा बेंगळुरूत आणून १९८४ च्या सुमारास सोडला गेला; पावसाळ्यात गाजरगवताची पाने खाताना तो आज महाराष्ट्रातही दिसतो. संशोधनाची घडीही याच काळात बसली. तिरुअनंतपुरमजवळ १९६३ मध्ये कंदपिकांची केंद्रीय संस्था, १९६९ मध्ये अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि १९८९ मध्ये जबलपूरचे तणविज्ञान केंद्र स्थापन झाले.

तणनाशके वऱ्हाडात खऱ्या अर्थाने रुजली ती सोयाबीनबरोबर, १९९० नंतर. दाट पेरलेल्या सोयाबीनमध्ये पावसाच्या झडीनंतर फवारणी हाच सोपा मार्ग वाटू लागला. कापसातही पंप शिरला. अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर इथे १० जून २०१९ रोजी शेतकऱ्यांनी तणनाशकाला दाद न देणाऱ्या, परवानगी नसलेल्या कापसाच्या बियाण्याची उघड पेरणी केली. निंदणाचा खर्च परवडत नाही, हे त्यांच्या मागणीमागचे एक मुख्य कारण होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांपुरती मर्यादित केली. निंदणाचा प्रश्न त्याने सुटला नाही.

रताळे या बदलात फारसे आले नाही. ते रुंद पानाचे पीक आहे. रुंद पानांचे तण मारणारे औषध त्यालाही मारते. शेजारच्या शेतातल्या टू-फोर-डीची फवार वाऱ्याने उडून आली तरी रताळ्याचे शेंडे वाकडे होतात. दुसरीकडे बैलजोड्या घटल्या आणि मोठा ट्रॅक्टर रताळ्याच्या अरुंद सरीत जात नाही. त्या जागी आला तो सायकल डवरा: जुन्या सायकलचे एक चाक, हँडल आणि मागे छोटा फास. गावातला लोहार तो बनवून देतो, एकटा माणूस किंवा बाई तो ढकलते आणि लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात दोन वरंब्यांमधली सरी त्याने साफ होते. डवरा आणि खुरपे यांतली पुरुष-बाईची जुनी वाटणी या अवजाराने काही अंशी मोडली आहे, आणि लहान तुकड्याच्या शेतीला गेल्या काही दशकांत मिळालेल्या अवजारांत ते सर्वांत उपयोगी ठरले आहे. वरंब्यावरचे, वेलाच्या बुडाशी असलेले तण मात्र त्याच्या चाकाला पोचत नाही. वेल पसरल्यावर सरीत चाकही जात नाही आणि पंपही नाही. पानांवर डोके काढणारा माठ किंवा कुंजर आजही वेल न तुडवता, एकेक पाऊल जपून टाकत, हातानेच उपटावा लागतो.